घड्याळात सहा तास, शरीराला साडेपंधरा

उन्हाळ्यात मुलाकडे न्यूयॉर्कला निघालेले एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. तिकीट दाखवून म्हणाले, "डॉक्टर, रात्री एकला मुंबईहून सुटायचे, सकाळी सातला तिथे. सहाच तास! आपल्या एस.टी.ला मुंबईपर्यंत आठ लागतात."

गुरुजींचा हिशेब इथेच चुकला. तिकिटावरील वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. सहात साडेनऊ मिळवा, म्हणजे साडेपंधरा तास. अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. त्यात एस.टी.चे आठ आणि विमानतळावरचे तीन तास धरले, तर साडेसव्वीस तास होतात, तेही बहुतेक बसूनच.

याचा शरीराशी काय संबंध? चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि शिरांतील रक्त वर हृदयाकडे ढकलतात. तासन्‌तास बसून राहिल्यास हा पंप मंदावतो, रक्त साकळते आणि कधी त्याची गुठळी होते. ती सुटून फुफ्फुसात अडकली, तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून लांबच्या प्रवासात हा धोका सुमारे दुप्पट होतो. निरोगी माणसांत तो ६,००० त एखाद्यालाच होतो, म्हणून घाबरू नये. पण सावध मात्र राहावे. बस आणि रेल्वेलाही हेच लागू आहे.

दुसरा प्रश्न औषधांचा. गुरुजी सकाळ-रात्र इन्सुलिन घेतात. मुंबईत रात्री आठला घेतलेल्या इंजेक्शनपासून न्यूयॉर्कच्या सकाळी सातपर्यंत साडेवीस तास होतात! "सकाळ झाली की घेईन" म्हटले, तर मधली एक वेळ हुकते. म्हणून निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहून घ्यावे.

प्रवासात एवढे पाळा :

१. शक्यतो कडेची, वाटेलगतची जागा मागा. जागेपणी दर तास-दोन तासांनी उठून चाला. बसल्या जागी पावले वरखाली करा.

२. विमानातील हवा कोरडी असते. थोडे थोडे पाणी पीत राहा. मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळा.

३. औषधे, इन्सुलिन व डॉक्टरांची चिठ्ठी हातातील पिशवीत ठेवा. मोठ्या सामानात इन्सुलिन गोठू शकते.

४. पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकतेच ऑपरेशन झाले असेल, कर्करोग किंवा गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मनाने ॲस्पिरिन घेऊ नका.

पोहोचल्यावर महिनाभरात एकच पोटरी सुजली, दुखू लागली, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखले, तर "प्रवासाचा शीण" म्हणून तेल चोळत बसू नका. लगेच रुग्णालय गाठा आणि लांबचा प्रवास झाल्याचे सांगा.

गुरुजींनी हातातले घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवले आणि वेळापत्रक खिशात. तुमच्या घरचे कुणी निघाले असेल, तर तिकिटाशेजारी खरे तास लिहून द्या.