कान मोजण्याची विद्या

मंडळी, दवाखाना म्हटला की डॉक्टर आणि नर्स डोळ्यांपुढे येतात. पण कान, हृदय, फुफ्फुस यांची यंत्राने तपासणी करणारेही तिथे असतात, बरं का! ही विद्या वेल्समधील स्वान्सी विद्यापीठात तीन वर्षे शिकवतात. १९२० साली निघालेले हे विद्यापीठ समुद्राकाठी आहे. ओहोटीला पाणी इतके मागे सरते की दूरवर नुसती वाळूच. पण विद्यार्थ्याला ते बघायला फुरसत कुठली! वर्ग सुटला की हॉस्पिटलचे काम, पुष्कळदा सुट्टीतही.

श्रवणशास्त्राचेच घ्या. आधी सोबत्यांचे कान तपासायचे. रेडिओवर वेळ सांगताना वाजतो तसा सूर हेडफोनमधून द्यायचा. ऐकू आला की सोबत्याने बटण दाबायचे. दाबले तर आवाज १० डेसिबेल उतरवायचा, नाही तर ५ चढवायचा. सोपे वाटते ना? पण सूर ठरावीक तालात दिला तर माणूस अंदाजानेच बटण दाबतो! तो अंदाज खरा धरला, तर श्रवणयंत्रही चुकीच्या मापाचे बसते.

गुरुजी, तुमच्या वर्गातले एखादे पोर हाकेला ‘ओ’ देते, पण शुद्धलेखनात नेमका ‘स’ चुकते. जाड आवाज ऐकू येतात, बारीक येत नाहीत, असेही असेल. रागावण्याआधी कान तपासून घ्या.

अशी पोरे हॉस्पिटलात येतात. लहानग्याला बटण देत नाहीत. सूर ऐकलास की ठोकळा डब्यात टाक, असा खेळ लावतात. पोर कंटाळले की थांबायचे, पुन्हा रमवायचे. विद्यार्थ्याचा खरा कस तिथे लागतो.