विंडोज उठण्याआधीचे काही सेकंद

दुरुस्तीला लॅपटॉप टाकताना बरीच गिऱ्हाइकं ठसक्यात सांगतात, ‘पासवर्ड आहे, कोण उघडणार?’ मी मान डोलावतो. खरं तर पासवर्डची चौकट दिसेपर्यंत मशीनमध्ये बरंच काही चालून गेलेलं असतं. १९८६चा ‘ब्रेन’ व्हायरस नेमका तिथंच, फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा. सिस्टीमच्या आधीच जो उठून बसलाय, तो नंतर जागा होणाऱ्या ॲंटिव्हायरसला सहज चकवतो.

सिक्युअर बूट आलं ते यासाठी. विंडोज ८ बरोबर, २०१२पासून, ते घरोघरच्या मशीनवर पोचलं. जुन्या बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआयमध्ये विश्वासाच्या सह्यांची एक यादी असते आणि बाद केलेल्यांची दुसरी. विंडोजला उठवणाऱ्या प्रोग्रामची, म्हणजे बूटलोडरची, डिजिटल सही पटली नाही, तर तो चालूच होत नाही. पण हा सोसायटीचा वॉचमन आहे: पास बघतो, पिशवी उघडत नाही. २०२३मध्ये गाजलेल्या ‘ब्लॅकलोटस’ या घुसखोर प्रोग्रामनं मायक्रोसॉफ्टचीच अस्सल सही असलेली, पण जुनी आणि सदोष फाइल पुढे करून आत वाट काढली. त्याहून कहर २०२४मध्ये उघड झाला. शेकडो मॉडेलांमध्ये सिक्युअर बूटची मुख्य किल्ली म्हणून चाचणीपुरती बनवलेली किल्लीच राहून गेली होती, आणि तिच्या नावातच ‘डू नॉट ट्रस्ट’ लिहिलेलं! तरीही माझं मत बदललेलं नाही. सिक्युअर बूट चालूच ठेवा.

मात्र लॅपटॉप चोरीला गेला, तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडणाऱ्याला ते अडवत नाही. तिथं डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकर, लागतं. त्याची किल्ली सहसा टीपीएम चिप सांभाळते. बायोसमध्ये फेरफार झाला की चिप बिथरते आणि पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर लग्नाचे फोटो गेले म्हणून समजा. दुकानदाराकडे जादू नसते. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. आधीच कागदावर उतरवा, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

आपल्या मशीनचं बघायचं तर स्टार्टमध्ये ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ शोधा. ‘सिक्युअर बूट स्टेट’पुढे ‘ऑन’ असेल तर ठीक. ‘बायोस मोड’पुढे ‘लेगसी’ दिसलं, तर यूट्यूब बघून थेट यूईएफआय करू नका. डिस्कची जुनी एमबीआर मांडणी आधी जीपीटी करावी लागते, नाहीतर विंडोज उठतच नाही. आणि त्याच्याही आधी बॅकअप.