चार चॅनेल जोडले, पण पट्टी तेवढीच: केबल इंटरनेटचा अपलोड कुठे अडतो?

मागच्या लेखात आपण मॉड्युलेशन म्हणजे काय ते बघितलं. त्यावर अमेरिकेतल्या वाचकांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला: "आमच्याकडे गिगाबिटचा केबल प्लॅन आहे. डाउनलोड १००० एमबीपीएस, पण अपलोड जेमतेम ३५. जास्त अपस्ट्रीम चॅनेलवाला मोडेम घेतला तर वाढेल का?"

थोडक्यात उत्तर: बहुतेक वेळा नाही. अडचण मोडेममध्ये नाही, बाहेर खांबावरून आलेल्या तारेच्या व्यवस्थेत आहे. कशी ते बघू.

एकच तार, दोन दिशा

तिथली कोअ‍ॅक्सिअल केबल मुळात टीव्हीसाठी टाकलेली. टीव्ही म्हणजे एकतर्फी मामला, कंपनीकडून घराकडे. अमेरिकेत टीव्हीचा चॅनेल २ सुरू होतो ५४ मेगाहर्ट्झला. म्हणून घराकडून परत जाणाऱ्या सिग्नलला, म्हणजे अपस्ट्रीमला, खालची उरलेली पट्टी मिळाली: ५ ते ४२ मेगाहर्ट्झ. मधली ४२ ते ५४ ही जागा मोकळी ठेवावी लागते, कारण कुठलाही फिल्टर सुरीसारखा सरळ कापत नाही. युरोपात हीच वरची मर्यादा ६५ होती, अमेरिकेत ४२.

ही सीमा सांभाळतो डिप्लेक्स फिल्टर. तो दोन दिशांचे सिग्नल वेगळे करतो, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बसवलेला असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

३७ पैकी कामाचे किती?

आता ३७ मेगाहर्ट्झ तरी पूर्ण मिळतात का? तेही नाही. डाउनस्ट्रीममध्ये एक स्रोत आणि अनेक घरं. अपस्ट्रीममध्ये उलट, अनेक घरांचे सिग्नल एका जागी येतात आणि त्यांच्याबरोबर प्रत्येक घराचा कचराही येतो. ओढ्या-ओढ्यांचा गाळ शेवटी एकाच धरणात साचावा तसं. कुणाचा कनेक्टर सैल आहे, कुणाच्या घरात जुनी मोटर ठिणग्या टाकते, शिवाय हवेतून शॉर्टवेव्ह आणि २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा सिटिझन्स बँड रेडिओ आत शिरतो. हा गोंगाट खालच्या फ्रिक्वेन्सीला सगळ्यात जास्त. त्यामुळे साधारण १५-१६ मेगाहर्ट्झच्या खाली रुंद, वेगवान चॅनेल ठेवायला इंजिनिअर कचरतात.

बाँडिंग नेमकं काय करतं?

डॉक्सिस हे केबल इंटरनेटचं मानक. त्याच्या ३.० या आवृत्तीत, २००६ मध्ये, चॅनेल बाँडिंग आलं. त्याआधी मोडेम एका वेळी एकाच अपस्ट्रीम चॅनेलवर बोलायचा. बाँडिंगमध्ये मोडेम कंपनीच्या यंत्राला, म्हणजे सीएमटीएसला, सांगतो की "माझ्याकडे इतका डेटा आहे". सीएमटीएस त्याला वेगवेगळ्या चॅनेलवर वेळेचे तुकडे नेमून देतं. मोडेम डेटा तोडून, प्रत्येक तुकड्याला क्रमांक लावून पाठवतो आणि पलीकडे ते क्रमाने जोडले जातात.

गणित करून बघू. एक चॅनेल ६.४ मेगाहर्ट्झचा. त्यात सेकंदाला ५१.२ लाख सिंबॉल जातात. ६४-क्वाममध्ये प्रत्येक सिंबॉलला ६ बिट, म्हणजे ३०.७२ एमबीपीएस. चुकादुरुस्ती वगैरे वजा करता हाती लागतात साधारण २७. असे चार जोडले तर सुमारे १०८ एमबीपीएस.

चारच का? ४ × ६.४ म्हणजे २५.६ मेगाहर्ट्झ. ४२ मधून ते वजा करा: १६.४. गोंगाटाची हद्द संपते तिथेच आपण येऊन पोहोचलो! आठ चॅनेलना ५१.२ मेगाहर्ट्झ लागतील, आणि पूर्ण पट्टीच ३७ ची आहे. म्हणजे मोडेमच्या खोक्यावर "८ अपस्ट्रीम" लिहिलेलं असलं तरी या तारेवर तेवढे रुंद चॅनेल बसणारच नाहीत.

शिवाय चॅनेल वाढले की मोडेमला प्रत्येक चॅनेलवर वापरता येणारी कमाल पॉवर कमी होते. लांबच्या, कमकुवत लाइनवरच्या घरात म्हणूनच चारपैकी एखादा चॅनेल गळतो.

मग १०८ ऐवजी ३५ का?

कारण हे १०८ तुमच्या एकट्याचे नाहीत, त्या नोडवरच्या सगळ्या घरांचे मिळून आहेत. एकाच घराला १०० विकले तर त्याने एक मोठी फाइल चढवली की शेजारच्यांचे व्हिडिओ कॉल अडकलेच. बाँडिंगने एका घराचा कमाल वेग वाढतो आणि गर्दी चॅनेलांमध्ये नीट वाटली जाते. पण नवी फ्रिक्वेन्सी त्यातून तयार होत नाही. मला वाटतं, या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज हाच.

२०२० मध्ये ऑफिस आणि शाळा घरात आल्या तेव्हा ही अपस्ट्रीमची तंगी सगळ्यांना जाणवली. अमेरिकेच्या एफसीसीने २०१५ पासून ब्रॉडबँडची व्याख्या २५ खाली, ३ वर अशी ठेवली होती. मार्च २०२४ मध्ये ती १०० खाली, २० वर अशी केली.

खरा उपाय: सीमा सरकवणे

४२ ची मर्यादा ८५ वर नेली तर मिड-स्प्लिट, २०४ वर नेली तर हाय-स्प्लिट. २०१३ च्या डॉक्सिस ३.१ मधलं ओएफडीएमए तंत्र इथे खरं खुलतं, आणि हाय-स्प्लिटमध्ये अपस्ट्रीम गिगाबिटच्या घरात जातो. डॉक्सिस ४.० तर ६८४ मेगाहर्ट्झपर्यंतची मुभा देतं.

पण आठवा ते डिप्लेक्स फिल्टर. रस्त्यावरच्या प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ते बदलावे लागतात. शिवाय जुने सेट-टॉप बॉक्स ७० ते १३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कंपनीकडून सूचना ऐकत असतात. तीच पट्टी अपस्ट्रीमला दिली तर ते बहिरे होतात. म्हणून हे काम वस्ती-वस्तीने, वर्षानुवर्षं चालतं.

घरी काय तपासाल?

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाका. बऱ्याच केबल मोडेमचं माहितीचं पान उघडतं. अपस्ट्रीमच्या तक्त्यात सगळ्यात वरची फ्रिक्वेन्सी बघा. सगळे चॅनेल ४२ च्या खाली असतील तर तुमची वस्ती बहुधा अजून जुन्याच सीमेत आहे, नव्या मोडेमवर पैसे घालून अपलोड फारसा वाढणार नाही. ४२ च्या वर काही दिसलं तर मात्र सीमा सरकली आहे, आणि तिथे ३.१ चा मोडेम खरंच फरक पाडू शकतो. चारऐवजी एक-दोनच चॅनेल दिसत असतील तर आधी सैल कनेक्टर आणि नको असलेले स्प्लिटर तपासा. तो इलाज सगळ्यात स्वस्त, आणि त्याने शेजाऱ्यांचाही गोंगाट कमी होतो.

पुढच्या लेखात ओएफडीएमए. तक्त्यात काही विचित्र दिसलं तर खाली जरूर कळवा.