हिरवे पुस्तक आणि तुरुंगाचे फाटक

शाळा सुटायच्या वेळी एक खाला आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला आल्या. उमरीत उर्दू वाचणारे पुष्कळ आहेत, पण सरकारी मराठीतला अर्ज म्हटला की लोक आमचेच दार ठोठावतात. खालांनी पदराआडून हिरवे पुस्तक काढले. एआरटी केंद्रातून एचआयव्हीच्या रुग्णाला मिळते ते. मुलगा परजिल्ह्यात कच्चा कैदी म्हणून आत गेला आणि पुस्तक, गोळ्या घरीच राहिल्या. अकरा दिवस झाले होते. मुलाकातीला गेल्या तेव्हा फाटकावर डबी परत मिळाली. मुलगा आत कोणाला सांगायला तयार नाही. बराकीत कळले तर?

त्यांच्या परवानगीने, ओळख न ठेवता, हे लिहीत आहोत.

मुलाची भीती पोकळ नाही. 1989 साली गोव्यात डॉमनिक डिसोझा या तरुणाला, कोणताही गुन्हा नसताना, रक्तात एचआयव्ही सापडला म्हणून 64 दिवस कोंडून ठेवले होते. आई लुसी डिसोझा कोर्टात गेल्या. डॉमनिक सुटले, पण अलग ठेवण्याची तरतूद उच्च न्यायालयाने ग्राह्यच धरली. 1992 मध्ये ते वारले.

आज औषधे आहेत, सरकारी केंद्रांत 2004 पासून मोफत मिळू लागली. कायदाही आहे. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. शासनाच्या ताब्यातल्या माणसाला, मग तो शिक्षा झालेला असो की खटला चालू असलेला, तपासणी आणि उपचाराचा हक्क त्यात दिला आहे. संमतीशिवाय तपासणी करायची नाही, आजार इतरांना सांगायचा नाही. देशातल्या तुरुंगांत चारातले तीन कैदी कच्चेच आहेत, हे ध्यानात घेतले की हा हक्क किती घरांशी जोडलेला आहे ते कळते.

गोळी रोज घ्यावी लागते. खंड पडला की विषाणू वाढतो आणि पुढे तेच औषध लागू पडेनासे होऊ शकते. त्यात गर्दीच्या बराकीत क्षयरोगाची धास्ती वेगळीच. एका ताटात जेवल्याने मात्र एचआयव्ही होत नाही. हे आम्ही वर्गात शिकवतो, तरी खाला गेल्यावर आमच्याच घरात त्यांचा चहाचा कप दोनदा विसळला गेला.

"आजाराचे नाव लिहावेच लागेल का, सर?" खालांनी विचारले होते. आम्ही अधीक्षकांच्या अर्जात 'नियमित औषधोपचार चालू आहेत' एवढेच लिहिले. हिरव्या पुस्तकाची प्रत तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे बंद पाकिटात घातली. एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांनी तुरुंगाजवळच्या केंद्रासाठी चिठ्ठी दिली. वकील नव्हता. कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हे खालांना कोणी सांगितलेच नव्हते. 1097 हा एड्सचा मोफत मदत क्रमांकही त्यांना पहिल्यांदाच कळला.

गोळ्या आत पोहोचल्या तेव्हा सतरा दिवसांचा खंड पडला होता. रक्तातल्या विषाणूची मोजणी अजून व्हायची आहे.