हक्कसोडपत्र आणि दमन : राजीखुशीचा गैरसमज

वडिलांच्या निधनानंतर शेतीची वारसनोंद होताना बहिणींनी भावांना हक्कसोडपत्र लिहून देण्याची रीत वाशीम तालुक्यातील अनसिंगच्या सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यापुरती नसून महाराष्ट्रभर रुळलेली आहे. आणि सही राजीखुशीने झाली, तेव्हा त्यात दमन कसले, हा तिच्याविषयीचा सर्वांत पक्का गैरसमज आहे. वस्तुस्थिती अशी की, सही नाकारली तर माहेरचे येणेजाणे तुटते आणि अडीअडचणीचा तेवढाच आसरा जातो, तर सही केली की साडीचोळीवर बोळवण होऊन सातबाऱ्यावरचे नाव, व त्यासोबत पीककर्ज मिळवण्याचा आधारही, जातो. दोन्ही वाटांनी नुकसानच व्हावे अशा या कोंडीला स्त्रीवादी तत्त्वज्ञ मर्लिन फ्राय यांनी १९८३ मध्ये पिंजऱ्याची उपमा दिली : एकच तार पाहिली तर पक्षी का उडत नाही हे कळत नाही, सगळ्या तारांची गुंफण पाहिली म्हणजे कळते.

प्रत्येक त्रास म्हणजे दमन, हेही खरे नाही. पावसाने दडी मारली तर ती स्त्री-पुरुष दोघांनाही भोवते. अ‍ॅन कड या स्त्रीवादी तत्त्वज्ञांच्या २००६ मधील मांडणीनुसार दमन ठरण्यासाठी विशिष्ट सामाजिक गटाची म्हणूनच हानी व्हावी लागते, त्यातून दुसऱ्या गटाचा लाभ व्हावा लागतो आणि त्यामागे असमर्थनीय सक्ती असावी लागते. ही सक्ती पर्याय आखडूनही होते, म्हणून बहिणीची निवड शहाणपणाची असूनही तीच व्यवस्थेला टिकवते. कड यांचा हा मुद्दा येथे सर्वाधिक उपयोगी आहे. भाऊ दुष्ट असण्याचीही गरज नाही : तो मायाळू आणि स्वतः कर्जात बुडालेला असू शकतो.

कायदा बदलला म्हणजे प्रश्न मिटला, हा समजही टिकत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायिक, म्हणजे जन्मतःच वाटेकरी, केले, पण तोवर विवाह झालेल्यांना वगळले; २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद काढला; तरी हक्क सोडून देण्याची मुभा कायद्यात आहेच.

दमनाचा हा विचार परका म्हणणाऱ्यांनी शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे १८८२ मधील ‘स्त्री-पुरुष तुलना’ आठवावे, आणि जातीबाहेरील विवाहाची बंदी स्त्रीवरील निर्बंधांतून टिकते हे दाखवणारा डॉ. आंबेडकरांचा १९१६ चा निबंधही. कारण सर्व स्त्रियांचे दमन सारखे नसते : दुसऱ्याच्या शेतात निंदणाला जाणाऱ्या भूमिहीन दलित मजूर स्त्रीपुढे हक्कसोडपत्राचा प्रश्नच येत नाही, आणि राजकीय तत्त्वज्ञ आयरिस मॅरियन यंग यांनी १९९० मध्ये सांगितलेल्या दमनाच्या पाच रूपांपैकी शोषण व हिंसा ही तिच्या वाट्याला स्त्री म्हणून आणि जातीमुळे, अशी दुहेरी येतात.