पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी फोन कुणाला लावायचा?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेले. बंदोबस्ताचे पोलीस नुकतेच पाठ टेकत होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली, आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार यांनी त्या पहाटेची हकीकत अनेकदा सांगितली आहे. मुंबईत खिडक्या थरथरल्या म्हणून त्यांनी आधी कोयनेला फोन लावला, आणि भूकंपाचे केंद्र लातूरकडे असल्याचे त्यांना तिकडून कळले. त्या वेळच्या नकाशात किल्लारी भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. तिथून काही विचारावे, असे कुणाच्या मनातही येण्याचे कारण नव्हते.

आज जिल्हाधिकारी कार्यालयात ‘आपत्कालीन कार्य केंद्र’ अशी पाटी दिसते. तिचे मूळ मला या फोनमध्ये दिसते. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला आणि ५२ गावे नव्या जागी वसली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच कार्यक्रमात राज्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा तयार झाला आणि मंत्रालयापासून जिल्ह्यांपर्यंत नियंत्रण कक्ष जोडण्याचे काम हाती घेतले गेले, हे मात्र फारसे कुणाला आठवत नाही. देशाचा कायदा त्यानंतर पुष्कळ उशिरा, २००५ साली आला. त्याने जिल्हाधिकाऱ्यांना जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष केले आणि जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना सहअध्यक्ष.

अशा कक्षात असते काय? भिंतीवर मोठे पडदे असतात आणि पाहुण्यांना तेच दाखवले जातात. मी मात्र आधी जनरेटर कुठे ठेवला आहे ते विचारतो. नदीकाठच्या शहरात तो तळघरात असेल, तर पहिल्याच पुरात पडदे काळे होणार. मोबाइलचे टॉवरही वीज गेल्यावर बॅटरी आणि डिझेल पुरेल तेवढेच चालतात. म्हणून पोलिसांचा बिनतारी संच आणि उपग्रह फोन या चैनीच्या वस्तू नव्हेत. कक्ष स्वतः वाचला पाहिजे, ही अट साधी वाटते, पण न्यूयॉर्कसारख्या शहरालाही ती साधली नव्हती. त्या शहराने १९९९मध्ये आपले केंद्र जागतिक व्यापार केंद्राच्या सात क्रमांकाच्या इमारतीत तेविसाव्या मजल्यावर थाटले. ११ सप्टेंबर २००१ रोजी ते सकाळीच रिकामे करावे लागले आणि संध्याकाळी इमारतच कोसळली. मग हडसन नदीच्या एका धक्क्यावर नवे केंद्र उभारून काम चालवावे लागले.

नांदेडच्या कक्षाचे खरे काम पाण्याचे. वरून जायकवाडीचे पाणी येते, येलदरी-सिद्धेश्वरचे पाणी पूर्णा नदीतून गोदावरीला मिळते आणि शहराच्या उशाला विष्णुपुरीचे दरवाजे आहेत. वरचे पाणी खाली पोचायला जो वेळ लागतो, तेवढाच अवधी सखल वस्त्या हलवायला मिळतो. शिवाय खाली तेलंगणात पोचमपाडचे श्रीराम सागर धरण. ते तुडुंब असेल तर नांदेडचे पाणी उतरता उतरत नाही. बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडेच असतात, त्यामुळे पावसाळ्यात त्याला दोष देऊन भागत नाही. फोन पलीकडच्या राज्यातच लावावा लागतो. माझ्या मते कक्षातली सर्वांत मोलाची सोय हीच : पलीकडचा अधिकारी नावाने ओळखीचा असणे.

ऑगस्ट २०२५मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव या भागात रात्रीतून पाणी शिरले. तिथे धोका गोदावरीचा नव्हता, लेंडीच्या पाण्याचा होता. बचावासाठी लष्कराचीही मदत घ्यावी लागली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची महाराष्ट्रातली तुकडी पुण्याजवळ सुदुंबरेला असते, राज्याच्या दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. पुण्याहून नांदेड सुमारे साडेचारशे किलोमीटर. पहिले काही तास गावातली माणसे, दोर आणि असेल तर एखादी बोट यांच्यावरच काढायचे असतात.

नागरिकांसाठी क्रमांक आहे १०७७. तो देशभरच्या जिल्ह्यांना सामायिक आहे. देगलूरकडे माझा मोबाइल तेलंगणातल्या टॉवरला चिकटल्याचे मी पाहिले आहे. अशा वेळी हा फोन कुठे वाजेल? म्हणून मी कक्षाचा पूर्ण क्रमांक, एसटीडी कोडसह, घरात कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे. २० जुलै २०२३ला सकाळी देशभरचे मोबाइल एकदम किंचाळले होते, ती सरकारची चाचणी होती. तशी सूचना आता एका कळीवर जाते. पण ‘घर सोडा’ हे शब्द म्हातारी माणसे मोबाइलकडून ऐकत नाहीत, पोलीस पाटलाकडून ऐकतात.

मराठवाड्यातल्या एका कक्षात, कुठल्या ते सांगत नाही, मी गावनिहाय क्रमांकांची यादी पाहायला मागितली. छान छापलेली, बांधलेली वही होती. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याला म्हटले, “दादा, यातला एक नंबर लावून बघता का?” त्याने लावला. पलीकडचा आवाज झोपेतला होता. “साहेब, मला पोलीस पाटलाच्या कामातून मोकळं होऊन तीन वर्षं झाली. काय झालं, पाणी येतंय का?” काही नाही, सहज, असे सांगितल्यावर त्यांनीच नव्या पाटलांचा नंबर दोनदा म्हणून दाखवला. कर्मचाऱ्याने पेन शोधला, जुन्या आकड्यांवर रेघ मारली आणि समासात नवा नंबर लिहिला. मग वहीचे पुढचे पान उलटून दुसऱ्या गावाचा नंबर फिरवायला घेतला.