सिस्टर आजारी पडते तेव्हा



गेल्या वर्षी ऐन पेरणीच्या दिवसांत आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील दवाखान्यातली एक तरुण सिस्टर सिकलसेलच्या तीव्र वेदनांनी आजारी पडली. पावरा कुटुंबातली ही मुलगी, घरातली पहिली पगारदार. शहरातल्या खाजगी रुग्णालयात तिला सहा दिवस ठेवावे लागले. तिच्याकडे दोन वर्षांपूर्वी घेतलेली आरोग्यविम्याची पॉलिसी होती आणि हप्तेही वेळेवर भरलेले होते. तरीही कंपनीने दावा नाकारला. फॉर्ममध्ये ‘पूर्वीचा आजार’ या रकान्यात ‘नाही’ असे लिहिले होते. “सिस्टर, फॉर्म एजंटने भरला, मी फक्त सही केली,” असे तिने मला सांगितले. बिल भागवायला तिच्या वडिलांनी बैलजोडी विकली.

मी बावीस वर्षे या सेवेत आहे. रुग्णांचे केसपेपर आम्ही डोळ्यांत तेल घालून भरतो, पण स्वतःचे कागद वाचत नाही. त्या घटनेनंतर आम्ही सर्वजणी बसून हा विषय समजून घेतला. आपल्या मंडळ्यांतही नर्स, वॉर्डबॉय, लॅब टेक्निशियन, आशाताई आहेत, म्हणून येथे लिहीत आहे.

पहिली गोष्ट, नवी पॉलिसी घेण्याआधी आपल्याला आधीच काय मिळते ते पाहावे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 1 जुलै 2024 पासून राज्यातील सर्व कुटुंबांसाठी आहे. कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि त्यासाठी हप्ता नाही. मात्र रुग्णालय योजनेत असावे लागते आणि उपचार यादीत असावा लागतो. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. भरती होण्याआधी रेशनकार्ड व आधार घेऊन त्याला भेटावे. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना 2024 पासून आयुष्मान भारत योजनेतही घेतले आहे. आमच्या त्या मुलीच्या वेळी आम्ही घाईत सरळ खाजगी रुग्णालय गाठले. तिचा उपचार योजनेत बसतो का, हे कोणी विचारलेच नाही.

दुसरी गोष्ट कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय. ही योजना लागू असलेल्या भागात, दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी रुग्णालयात, महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ती मिळते. कर्मचाऱ्याच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. त्यात स्वतःचे व कुटुंबाचे उपचार होतात. शिवाय आजारपणाच्या रजेत वर्षातून 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. साध्या आरोग्यविम्यात बुडालेला पगार मिळत नाही. म्हणून पगारपत्रकात ही कपात दिसते का, ते पाहावे.

तिसरी गोष्ट संस्थेची सामूहिक पॉलिसी. पुष्कळ सामूहिक पॉलिसींत जुने आजार आणि बाळंतपण पहिल्या दिवसापासून धरलेले असते. परंतु नोकरी सुटली की हे संरक्षण सुटते. नोकरी सोडण्याआधीच त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, ते विचारावे.

स्वतःची पॉलिसी घ्यायची असेल तर चार गोष्टी तपासाव्यात.

एक, आपण खरोखर कुठे भरती होऊ? कंपनीच्या यादीत पुण्या-मुंबईची शंभर रुग्णालये असली तरी धडगावच्या माणसाला त्यांचा उपयोग किती? पॉलिसीत ‘रुग्णालय’ म्हणजे काय तेही वाचावे. नोंदणी नसलेल्या लहान दवाखान्यात दहापेक्षा कमी खाटा असतील, तर तिथला दावा अडू शकतो.

दोन, खोलीभाड्याची मर्यादा. मर्यादा दिवसाला 2,000 रुपये असेल आणि आपण 4,000 ची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी व शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्माच, मिळतो.

तीन, थांबण्याचा काळ. अपघात सोडून इतर आजारांसाठी सहसा पहिले 30 दिवस संरक्षण नसते. आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त 36 महिने थांबायला लावू शकते. म्हणून तरुणपणी, धडधाकट असताना पॉलिसी घेणे चांगले.

चार, आणि सर्वांत महत्त्वाचे, खरे लिहिणे. सिकलसेल, थायरॉईड, मधुमेह, जुना क्षय, जे असेल ते लिहावे. कंपनी कदाचित हप्ता वाढवील किंवा थांबायला सांगेल, पण ऐन वेळी दावा नाकारायला हे कारण उरणार नाही. पॉलिसी हातात आल्यावर 30 दिवसांत ती परत करता येते. त्या दिवसांत ती मराठीत कोणाकडून तरी समजून घ्यावी. दावा नाकारला गेलाच, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिथे न्याय मिळाला नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला फी लागत नाही.

विमा घेतला तरी काही धोके उरतातच. वापरलेली सुई बोटात घुसली, तर बहुधा भरती व्हावे लागत नाही, म्हणून पॉलिसीचा उपयोग होत नाही. तेव्हा कामी येते ती आधी घेतलेली हेपटायटिस बीची लस आणि एचआयव्ही टाळण्यासाठी 72 तासांच्या आत, शक्यतो लगेच, सुरू केलेली औषधे. ही सोय संस्थेने ठेवायला हवी, आणि प्रत्येक सुई टोचल्याची नोंद रजिस्टरात व्हायला हवी. कामामुळे आजार झाला, हे पुढे दाखवण्यासाठी तीच नोंद उपयोगी पडते.

वाचकहो, आपण खाटा, औषधे, रुग्णवाहिका यांसाठी मनापासून देता. आता एक प्रश्नही विचारावा: या खाटांजवळ रात्रभर उभी राहणारी सिस्टर आजारी पडली, तर तिचे बिल कोण भरते? आपल्या मंडळीत विमा किंवा बँकेत काम केलेले कोणी असेल, तर त्यांनी एखादी दुपार आमच्या कर्मचाऱ्यांसोबत बसून फॉर्म वाचून दाखवावेत. तेही मोठे दान आहे.

त्या मुलीने आता नवा फॉर्म भरला आहे. या वेळी तिने तो स्वतःच्या हाताने भरला. ‘पूर्वीचा आजार’ या रकान्यात तिने ‘सिकलसेल’ असे स्पष्ट लिहिले आणि सही करण्याआधी सगळा फॉर्म मला मोठ्याने वाचून दाखवला.